बालवाडी कशी निवडावी: प्रवेशाआधी, प्रवेशाच्या वेळी आणि नंतरचे काही महिने

दिवाळी सरली की सोसायटीच्या गेटवर, रिक्षांच्या पाठीवर आणि विजेच्या खांबांवर ‘प्रवेश सुरू’चे फलक झळकायला लागतात. घरातलं मूल जेमतेम अडीच वर्षांचं असतं. शेजारच्यांचा प्रवेश म्हणे झालासुद्धा. मग घरात घाई शिरते. ही घाई बहुतेक वेळा फलक लावणाऱ्याच्या सोयीची असते. मोठ्या शहरांतल्या मोजक्या शाळा सोडल्या, तर जूनच्या वर्गासाठी जानेवारी-फेब्रुवारीत निवांत चार जागा बघून ठरवता येतं.

पुढचं सगळं महाराष्ट्रात राहणाऱ्या, अडीच ते चार वर्षांच्या मुलांच्या आईबापांसाठी आहे. माहितीपत्रक, रंगवलेल्या भिंती आणि भरलेल्या वह्या बघून बालवाडी ठरवू नका. सकाळी साडेदहाला तिथल्या मुलांचे हात काय करत असतात, ते बघून ठरवा.

आधी वयाचा हिशेब

आपल्या राज्यात प्रवेशाचं वय ३१ डिसेंबर ही तारीख धरून मोजतात. त्या दिवशी तीन वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी, चार असतील तर ज्युनिअर केजी, पाचला सिनिअर केजी आणि सहाला पहिली. जुन्या मराठी संस्थांत यांनाच शिशुवर्ग, छोटा शिशु, मोठा शिशु म्हणतात. नाव काहीही असो, वय विचारा.

कागदावर मांडून पाहा. मुलगी १५ नोव्हेंबर २०२३ची असेल, तर २०२६च्या जूनमध्ये ती नर्सरीला बसते, कारण त्या डिसेंबरअखेर तिला तीन पूर्ण झालेली असतील. पण वर्गात पाऊल टाकताना ती दोन वर्षं सात महिन्यांचीच असेल. पहिलीला जाईल २०२९च्या जूनमध्ये, पाच वर्षं सात महिन्यांची असताना. तिच्या शेजारी बसलेलं जानेवारीतलं मूल तिच्याहून दहा महिन्यांनी मोठं असेल. या वयात दहा महिने म्हणजे फार मोठं अंतर. नियमात बसतंय म्हणून त्याच जूनला घालायलाच हवं असं काही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलांना एक वर्ष थांबवायला माझं तरी मत अनुकूल आहे. फक्त थांबण्याआधी ज्या शाळेत पुढे पहिलीला घालायचंय तिथे कमाल वयाची काही अट आहे का, हे विचारून घ्या. शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर हे विसरूच नका. तिथे किमान वयासारखी कमाल वयाचीही मर्यादा असते आणि ती दरवर्षीच्या सूचनेत छापलेली असते.

मग पर्यायांची यादी, अंगणवाडीसकट

घरापासून चालत पंधरा मिनिटांत जे जे आहे ते सगळं लिहून काढा: अंगणवाडी, पालिकेची बालवाडी, एखाद्या शिक्षणसंस्थेचा मराठी शिशुवर्ग, बंगल्यात किंवा गाळ्यात चालणारा खासगी प्लेग्रुप, मोठ्या शाळेला जोडलेली नर्सरी. तीन वर्षांच्या मुलाला व्हॅनमध्ये पाऊण तास बसवण्याइतकी चांगली बालवाडी क्वचितच असते. अंतर ही पहिली चाळणी लावा, यादी आपोआप आटोपशीर होईल.

मध्यमवर्गीय घरांत या यादीतून अंगणवाडी न बघताच कटते. निदान एकदा जाऊन बघा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली आणि अंगणवाडी हे तिचं गावपातळीवरचं केंद्र. साधारण चारशे ते आठशे लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असावी असा निकष आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं मार्गदर्शन आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिथे मिळतात. तीन ते सहा वयाच्या मुलाला वर्षातले ३०० दिवस, रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळतील इतका आहार द्यायचा असतो. शिक्षणासाठी राज्याने ‘आकार’ हा अभ्यासक्रम आणलेला आहे, आणि तो बऱ्याच महागड्या प्लेग्रुपच्या छापील ‘सिलॅबस’पेक्षा मुलाच्या वयाला धरून आहे.

अडचण कागदावरच्या योजनेत नसते, सेविकाताईंच्या दिवसात असते. सर्वेक्षणं, वजनं, मोबाइलवरच्या नोंदी, गृहभेटी, बैठका, आणि त्यातून उरलेल्या वेळात मुलं. म्हणून अंगणवाडी बघायला गेलात की ताईंना एवढंच विचारा, की सकाळी किती वेळ त्या नुसत्या मुलांबरोबर असतात आणि त्या बैठकीला गेल्या की मदतनीस काय घेते. उत्तर मिळण्याआधीच खोली बघून ते कळतं. काही अंगणवाड्या खरोखर देखण्या चालतात. काहींत खाऊ वाटला की दार बंद. दोन्ही एकाच तालुक्यात सापडतील. मूल खासगी बालवाडीत घातलं तरी वजन-उंचीची नोंद आणि लसीकरणासाठी अंगणवाडीशी संबंध ठेवायला हरकत नाही.

अंगणवाडी ही कल्पना ज्या मातीतून आली, ती आपलीच आहे. गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२०मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. तिथे ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि १९२६ला नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं मध्यवर्ती बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात भरवली. माँटेसरी पद्धतीची, मुलांनी हाताळून शिकायची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, चिकणमाती हाताशी घेतली. हे सांगायचं कारण असं, की ‘इंटरनॅशनल’ पाटीखाली आयात केलेल्या प्लास्टिकच्या ढिगाला भाळण्याआधी आपल्याकडे ऐंशी वर्षांपूर्वी बियांवर काय काय शिकवून झालंय, ते ठाऊक असावं.

मोठ्या शाळेला जोडलेल्या नर्सरीत एक सोय असते: पहिलीची चिंता मिटते. तोटाही तोच. मूल तीन वर्षांचं असताना तुम्ही त्याच्या दहावीपर्यंतची शाळा ठरवून बसता, आणि नर्सरी कशीही चालली तरी ‘जागा जाईल’ या भीतीने ती बदलत नाही.

आणखी एक. प्रवेशासाठी मुलाची मुलाखत घेतली जात असेल तर ती जागा यादीतून खोडा. बालवाडीच्या प्रवेशांचं नियमन करणारा कायदा महाराष्ट्रात १९९६पासून आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३मध्ये शाळांना चाचणी-मुलाखतीबद्दल पहिल्या वेळी २५ हजार आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. ‘नुसत्या गप्पा मारतो हो मुलाशी’ असं म्हणून केलेली परीक्षाही परीक्षाच.

प्रत्यक्ष जाऊन बघणं: यात कंजुषी नको

यादीत तीन-चार जागा उरल्या की भेटीला जा. शनिवारी दुपारी, मुलं नसताना, ‘ओपन हाउस’ला गेलात तर तुम्हाला फर्निचर दिसेल. वर्ग चालू असताना, सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान अर्धा तास कोपऱ्यात बसू द्या, अशी विनंती करा. मुलांच्या सुरक्षेसाठी पालकांना आत सोडत नाही, असं काही जण सांगतात. ते रास्तही असू शकतं. मग खिडकीतून किंवा दारातून बघू द्यायला तयार आहेत का ते विचारा. एकही वाट मोकळी नसेल तर मी पुढच्या जागेकडे वळेन.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त मुलांच्या हातांकडे बघा. हात मांडीवर ठेवून ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ किती वेळ चाललंय? कुणी ठोकळे रचतंय, कुणी मणी ओवतंय, कुणी पाण्यात पेला बुडवतंय, कुणी बाहुलीला जेवू घालतंय, असं एकाच वेळी वेगवेगळं चाललंय का? सगळ्यांनी सगळं एकाच वेळी करायचं, ही सोय मोठ्यांची असते.

मग भिंती. चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत की येणाऱ्या पालकांच्या? तीस बदकं टांगली आहेत आणि तीसही बदकं हुबेहूब सारखी, कापूस नेमका रेषेच्या आत चिकटवलेला, तर ती ताईंनी केलीत. रविवारी बसून, बिचाऱ्यांनी. मुलांनी केलेल्या बदकांतली दोन तरी बदकं वाटणार नाहीत.

खेळणी कुठे आहेत? उघड्या, बुटक्या मांडणीवर, मुलाला स्वतः काढून परत ठेवता येतील अशी, की काचेच्या कपाटात? काचेमागचं खेळणं प्रवेशाला आलेल्या पालकांसाठी असतं.

ताईंचं बघायचं ते असं: त्या खाली बसून बोलतात की उभ्याने? मुलाचं नाव घेतात की ‘ए, तू’? एखादं मूल गाण्यात सामील न होता खिडकीपाशी उभं असेल तर त्याला ओढून आणतात, ओरडतात, विसरून जातात, की नजर ठेवून त्याला राहू देतात? मूल घरची बोली बोललं, मग ती मालवणी असो, अहिराणी, वऱ्हाडी नाहीतर वारली, तर ताई त्याला दुरुस्त करतात की उत्तर देतात? या वयात मुलाचं बोलणं फुलायला हवं, आणि ज्या भाषेत आई झोपवते त्याच भाषेत ते फुलतं. इंग्रजी माध्यमच ठरलेलं असेल तरी ‘नो मराठी’ अशी पाटी असलेली बालवाडी घेऊ नका. बोलू न दिलेलं मूल इंग्रजीही बोलत नाही, गप्प बसायला शिकतं.

शेवटी न लाजता स्वच्छतागृह बघायला मागा. भांडं मुलाच्या मापाचं आहे का, पाणी आहे का, साबण हात पोचेल इथे आहे का, मुलांना कोण घेऊन जातं. माहितीपत्रकात न छापलेली गोष्ट तिथे कळते.

विचारायचे प्रश्न

तोंडी उत्तरांबरोबर आकडे मागा. केंद्र सरकारच्या २०१३च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणात काही साधे निकष दिलेत, ते पाठ करून जा. तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस. तीनच्या आतल्या मुलांसाठी दहामागे एक. तीस मुलांच्या गटाला निदान ३५ चौरस मीटरची खोली, म्हणजे सुमारे ३७५ चौरस फूट, आणि बाहेर खेळायला आणखी ३० चौरस मीटर. दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस मुलं बसवली असतील तर गणित तिथल्या तिथे करता येईल. बाहेरची जागा नसेल तर जवळच्या बागेत नेतात का, आठवड्यातून किती वेळा, हे विचारा.

ताईंचं शिक्षण विचाराच, पण त्या इथे किती वर्षं आहेत हे जास्त विचारा. दर वर्षी ताई बदलत असतील तर पगार आणि वागणूक दोन्हींत काहीतरी बिनसलेलं असतं, आणि लहान मुलांना माणसं बदललेली सोसत नाहीत.

सुरक्षेबद्दल संकोच नको. सगळ्या कर्मचाऱ्यांची, सफाईवाल्यांची आणि व्हॅनचालकाचीही, पोलीस पडताळणी झालीय का? मुलाला न्यायला ओळखीच्या यादीबाहेरचं कुणी आलं तर काय करतात? कॅमेरे आहेत हे सांगतील. ते चित्रण कोण बघतं, ते विचारा. शिक्षा कोणती करतात, यावर ‘आम्ही मारत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. ‘मग चावलेल्या मुलाचं काय करता?’ हा प्रश्न विचारा. या वयातली मुलं चावतात, प्रत्येक बालवाडीत चावतात. तयार उत्तर असलेल्या ताईंना हा अनुभव आहे, हे लगेच कळतं.

पैशांचं थोडक्यात. महिन्याची फी न विचारता जून ते एप्रिलचा एकूण खर्च लेखी मागा: प्रवेश शुल्क, सत्र शुल्क, पुस्तकांचा संच, गणवेश, स्नेहसंमेलनाचे कपडे, सहल, व्हॅन. मधेच सोडलं तर किती परत मिळतं? प्रत्येक रकमेची पावती मिळते का? पावती द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे बोलणं थांबवलेलं बरं.

वहीचा प्रश्न

खरा तिढा इथे आहे, आणि त्यात बालवाडीपेक्षा आपला वाटा मोठा. बऱ्याच ताईंना ठाऊक असतं, की तीन वर्षांच्या मुलाला गिरवायला लावू नये. तरीही त्या लावतात, कारण महिनाअखेर पालक विचारतात, ‘वही कोरी कशी?’

लिहिण्यासाठी बोटांची चिमट पक्की व्हावी लागते, मनगट वळावं लागतं, खांदा स्थिर राहावा लागतो, डोळा आणि हात जुळावे लागतात. ते आधी होतं मण्यांनी, मातीने, कागद फाडून, कणकेचा गोळा मळून, बटणं लावून, झाडावर लोंबकळून. ते झालं की पेन्सिल पाच-साडेपाचच्या पुढे फारसा त्रास न देता हातात बसते. न झालेल्या हातात पेन्सिल कोंबली की मूल ती मुठीत आवळून धरतं, हात दुखतो, आणि ‘अ’ म्हटला की रडू येतं. नवीन शैक्षणिक धोरणाने २०२०मध्ये तीन ते आठ ही पाच वर्षं एक सलग टप्पा मानली: बालवाडीची तीन आणि पहिली-दुसरी. त्यानंतर ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तकं ठरवून देऊ नयेत असं म्हटलंय. नर्सरीसाठी सहा पुस्तकांचा संच विकणाऱ्या शाळेला हे दाखवता येईल.

अंकांचंही तसंच. शंभरपर्यंत म्हणता येणं हे पाठांतर. ‘पानं वाढायची आहेत, पाच वाट्या आण’ म्हटल्यावर मोजून पाच आणणं, आणि आजोबा जेवणार नाहीत म्हटल्यावर एक परत नेऊन ठेवणं, हे गणित. दुसरं जमणारं पण वीसच्या पुढे अडखळणारं मूल मागे पडलेलं नसतं.

मग त्या तीन तासांत काय असावं? गोष्ट, रोज, आणि तीच तीच पुन्हा मागितली तरी. बडबडगीतं, हातवाऱ्यांसकट. भरपूर मोकळा खेळ. धावणं, चढणं, तोल सांभाळत रेघेवरून चालणं. पाणी-वाळू-माती. वर्गीकरण: चिंचोके इकडे, सीताफळाच्या बिया तिकडे. स्वतःचा डबा उघडून स्वतः खाणं आणि सांडलेलं पुसणं. निवड करताना यातलं किती दिसलं, ते मोजा.

घरातली मोठी माणसं ‘अजून एबीसीडी येत नाही?’ म्हणतील. वाद घालण्यात वेळ घालवू नका. आजींनाच शेंगा सोलायला मुलाला बरोबर घ्यायला सांगा. आजी खूश आणि चिमटही तयार.

पहिले पंधरा दिवस

प्रवेश झाला की मेपासूनच झोपेची वेळ आधी आणा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रात्री अकराला झोपणारं मूल सकाळी साडेआठला रडणारच, त्यात बालवाडीचा दोष नाही. त्याच सूचनांत पडद्यासमोर बसण्याची मर्यादा या वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे, आणि कमी झालं तर उत्तमच.

चड्डी स्वतः वर-खाली करणं, ‘शू लागली’ म्हणणं, डब्याचं झाकण उघडणं आणि पाण्याची बाटली बंद करणं एवढी तयारी पुरे. शू सांगता येत नाही म्हणून प्रवेश नाकारणारी बालवाडी मला पटत नाही. पण दोन जादा चड्ड्या पिशवीत द्या.

सुरुवातीला अर्धा-पाऊण तास, मग वाढवत पूर्ण वेळ, अशी सवलत मागा. निरोप छोटा आणि उघड घ्या. मूल खेळण्यात गुंतलंय बघून मागच्या मागे सटकण्याचा सल्ला अनेक जण देतात. तसं केलंत तर मूल पुढे घरीही तुम्हाला नजरेआड होऊ देणार नाही. ‘तुझा डबा खाऊन झाला, गाणी झाली की मी येणार’ असं म्हणा आणि त्या वेळेला खरोखर दारात उभे राहा. पाच मिनिटं आधीच. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला ‘साडेअकराला’ सांगून उपयोग नाही.

रडणं दोन आठवडे चालतं, कधी तीन. सोडताना रडतं पण पाच मिनिटांत रमतं, याची काळजी नको. सगळा वेळ रडतं, खात नाही, शू दाबून ठेवतं, असं असेल तर ताईंशी बोलून वेळ कमी करा आणि थोडी वाट बघा.

घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ विचारू नका. मूल ‘काही नाही’ म्हणेल आणि तुम्ही फीचा हिशेब मांडाल. ‘आज कुणाशेजारी बसलास?’, ‘कुणाच्या डब्यात काय होतं?’ असं विचारलंत तर अख्खी सकाळ बाहेर येते.

दिवाळीपर्यंत लक्ष ठेवायचं ते

गाणी घरी ऐकू येतायत का, एखाद्या मित्राचं नाव सतत येतंय का, ताईंची नक्कल करून बाहुल्यांना शिकवणं चाललंय का? त्या नकलेकडे नीट कान द्या. बाहुल्यांना दरडावणं, छडी दाखवणं, ‘अंधाऱ्या खोलीत टाकीन’ म्हणणं सुरू असेल तर ते मुलाने कुठेतरी ऐकलंय. रमलेलं मूल अचानक जायला नकार देऊ लागलं, एखाद्या ठरावीक माणसाला घाबरू लागलं, कपडे बदलताना बिचकू लागलं, तर त्याच दिवशी कामं बाजूला ठेवून शोध घ्या. मुलाने सांगितलेलं खरं धरून चाला. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

बालवाडी पटली नाही तर वर्षाच्या मध्यातही बदलता येते. नर्सरीत बुडालेली सत्राची फी परवडते. जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड यांच्या मूळ प्रती शाळेत कधीच ठेवू नका, म्हणजे बाहेर पडताना अडत नाही.

चांगल्या ताईंचा आणखी एक उपयोग होतो, जो आपल्याला आधी सुचत नाही. त्यांनी शंभर मुलं पाहिलेली असतात, आपण एखाददुसरं. ‘हाक मारली की बघत नाही’, ‘तीन शब्दांचं वाक्य अजून येत नाही’, ‘मुलांच्या जवळच जात नाही’ असं त्या सांगतात तेव्हा राग येतो. दोन दिवस जाऊ द्या, पण विषय सोडू नका. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी आरोग्यतपासणी योजनेचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्याची तारीख सेविकाताईंकडून घ्या आणि मूल तिथल्या पटावर नसलं तरी दाखवता येईल का, हे विचारून ठेवा. पथकाला शंका आली तर ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. तिथे जाताना ताईंचं निरीक्षण त्यांच्याच शब्दांत एका कागदावर लिहून घेऊन जा.